सावलीचे भाडे : मॉरिशसच्या हरणांच्या बेटावरील एक दिवस

सातपुड्याच्या पायथ्याचे तळोदा विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे साडेएकवीस अंशांवर वसले आहे, तर हिंदी महासागरातील मॉरिशस हे बेट त्याच वृत्ताच्या दक्षिणेला सुमारे सव्वावीस अंशांवर आहे; त्यामुळे कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या ज्या पट्ट्याला भूगोलात उष्ण कटिबंध म्हणतात, त्याच्या दोन कडांजवळ ही दोन ठिकाणे जवळजवळ समोरासमोर येतात. प्रवास कंपन्यांच्या पत्रकांतला ‘उष्ण कटिबंध’ मात्र नारळ, पांढरी वाळू आणि निळे पाणी एवढ्यावरच संपतो आणि मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर तापणारे तळोदा त्यात कोणी मोजत नाही. वस्तुतः दोन्हींवर ऊन सारख्याच कोनातून पडते. फरक पडतो तो समुद्राने. मॉरिशसला वर्षाचा बराच काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे लागतात, भोवतीचे पाणी उष्णता धरून ठेवते आणि हळूहळू सोडते, म्हणून किनाऱ्यावरचे दुपारचे तापमान उन्हाळ्यात तिशीच्या आसपास व हिवाळ्यात पंचविशीच्या आत राहते. ऋतूही उलटे असल्यामुळे तळोद्यात लू चालू असते तेव्हा मॉरिशसमध्ये हिवाळ्याची चाहूल लागलेली असते.

दोन्हीकडचा दगडही एकाच घराण्यातला आहे. पृथ्वीच्या पोटातून तप्त शिलारस वर येत राहणाऱ्या आणि तुलनेने स्थिर असणाऱ्या जागेला भूविज्ञानात तप्तबिंदू म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारतीय भूखंड अशा एका तप्तबिंदूवरून उत्तरेकडे सरकत असताना दख्खनचे लाव्हाथर साचले, असे बहुसंख्य भूवैज्ञानिक मानतात. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांत लांबच लांब भिंतींसारखे उभे असलेले काळ्या खडकाचे पट्टे, ज्यांना डाइक म्हणतात, ते त्या काळी जमिनीच्या भेगांत थिजलेला शिलारसच होत. भूखंड पुढे गेला, तप्तबिंदू मागे राहिला आणि त्याच्या माथ्यावर लक्षद्वीप, मालदीव व छागोस यांचा पाया घडत गेला. मॉरिशस त्याच मालिकेतले, जेमतेम ऐंशी-नव्वद लाख वर्षांचे, आणि आज त्याच तप्तबिंदूवरचा ज्वालामुखी शेजारच्या रेयुनियन बेटावर धगधगतो आहे.

खडक काळा असूनही मॉरिशसची वाळू पांढरी का, हा प्रश्न म्हणूनच तळोद्याच्या प्रवाशाला इतरांपेक्षा अधिक पडावा. तळोद्याच्या ओढ्या-नाल्यांचे पाणी तापीतून सुरतेपलीकडे समुद्राला मिळते आणि तेथील डुमसच्या किनाऱ्यावरची वाळू काळसर आहे, कारण ती नद्यांनी डोंगर झिजवून आणलेली आहे. मॉरिशसची वाळू मात्र जमिनीने दिलेली नसून समुद्राने घडवलेली आहे. बेटाला सुमारे दीडशे किलोमीटर लांबीच्या प्रवाळभित्तीने, म्हणजे चुनखडीचे सांगाडे बांधणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या वसाहतींच्या कठड्याने, जवळजवळ सर्व बाजूंनी वेढले आहे. लाटांनी झिजलेले प्रवाळ, शंखशिंपल्यांचा चुरा आणि प्रवाळ कुरतडून त्याची पूड विष्ठेवाटे बाहेर टाकणारे पोपटमासे यांच्यामुळे ही पांढरी वाळू तयार होते. खुल्या समुद्राच्या लाटा या कठड्यावर फुटतात आणि आतल्या बाजूला गुडघा ते छातीएवढ्या उथळ, शांत पाण्याचा पट्टा उरतो, ज्याला लगून किंवा खाजण म्हणता येईल.

या किनाऱ्याचा आणखी एक गुण पत्रकात कधी छापला जात नाही आणि किनाऱ्यावरील सोयी दिवसापुरत्या विकणाऱ्या बीच क्लबचा सारा धंदा मात्र त्यावरच उभा आहे. खंबातच्या आखाताच्या वरच्या टोकाला भरती आणि ओहोटी यांतील पाण्याच्या पातळीचा फरक दहा मीटरांपर्यंत जातो, कोकणात तो दोन ते चार मीटर असतो, तर मॉरिशसमध्ये साधारण अर्ध्या मीटरच्या आसपासच राहतो. मालवण तालुक्यात देवबागजवळ कर्ली नदीच्या मुखाशी ‘त्सुनामी आयलंड’ या नावाने ओळखला जाणारा वाळूचा दांडा आहे. तेथे पाण्यावरील खेळ चालतात, खाण्यापिण्याच्या टपऱ्या लागतात, पर्यटकांची गर्दी उसळते, पण भरती चढली की तो दांडा आकसत जातो आणि पावसाळ्यात सगळाच व्यवहार बंद होतो. महाराष्ट्रातले बेटावरचे किनारा-पर्यटन असे भरतीच्या वेळापत्रकाला बांधलेले आहे. मॉरिशसमध्ये सकाळी पाण्यापासून दहा पावलांवर मांडलेली खाट संध्याकाळपर्यंत तेथेच राहू शकते, आणि जागा हलत नसेल तरच ती दिवसाच्या बोलीने भाड्याने देता येते.

दिवसभराच्या सहलीसाठी सर्वांत प्रसिद्ध असलेले ठिकाण पूर्व किनाऱ्यावरील इल ओ सेर, अर्थात हरणांचे बेट, हे होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८७ हेक्टर आहे. ज्यांच्यावरून त्याला नाव मिळाले ती हरणे मूळची जावा बेटावरची. डच गव्हर्नर आद्रियान व्हान डेर स्टेल याने १६३९ मध्ये ती बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, मॉरिशसमध्ये आणली, आणि त्याच वर्षी त्याच गव्हर्नराने ऊसही आणला. आज या छोट्या बेटावर हरणे दिसत नाहीत, उसाने मात्र मुख्य बेटाचा चेहराच बदलून टाकला. इल ओ सेरच्या मोठ्या भागावर आता जर्मन खेळाडू बर्नहार्ड लँगर यांनी आखलेले अठरा खळग्यांचे गोल्फ मैदान आहे, ज्याची सहलीला आलेल्या सामान्य प्रवाशाला क्वचितच गरज पडते.

तळोद्याहून निघणाऱ्याने प्रथम हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडून नंदुरबार गाठावे, तेथून सुरतमार्गे रेल्वेने मुंबईला जावे आणि मुंबईहून विमान धरावे, हा सरळ मार्ग आहे. मुंबई ते मॉरिशस थेट विमानाला सहा तासांच्या आसपास लागतात, भारतीय पासपोर्ट असलेल्या पर्यटकाला आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही आणि घड्याळ दीड तास मागे घ्यावे लागते. विमानतळ बेटाच्या आग्नेय भागात असल्यामुळे पूर्व किनाऱ्यावर मुक्काम करणाऱ्याचा वेळ वाचतो. बहुतेक सहली मात्र उत्तरेकडच्या किंवा पश्चिमेकडच्या हॉटेलांतून निघतात आणि त्यांचा सकाळचा दीड तास उसाच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर खर्च होतो. तोही वाया गेला असे म्हणता येत नाही, कारण शेतांत ठिकठिकाणी रचलेले काळ्या दगडांचे मनोरे तेथेच पाहायला मिळतात. जमीन लागवडीला आणताना मजुरांनी हातांनी वेचून काढलेले हे दगड आहेत.

बेटाकडे जाणाऱ्या होड्या त्रू दो दूस या मच्छीमारांच्या गावातून सुटतात. साधी प्रवासी होडी किंवा वेगवान मोटारबोट घेतली तर दहा ते वीस मिनिटांत पलीकडे पोहोचता येते. दुसरा प्रकार कॅटामरानचा, म्हणजे दोन समांतर सांगाड्यांवर उभ्या केलेल्या रुंद शिडाच्या नौकेचा, ज्यात प्रवास हाच सहलीचा निम्मा भाग असतो आणि जेवण-पेयेही नौकेवरच मिळतात. मोटारबोटींच्या सहलीत बहुधा ग्रँड रिव्हर साउथ ईस्ट या नदीच्या मुखाशी असलेला छोटा धबधबा दाखवतात. सातपुड्यातले बारधाऱ्याचे किंवा तोरणमाळचे पावसाळी धबधबे पाहिलेल्याला त्याच्या उंचीचे फारसे कौतुक वाटणार नाही. काठावरची माकडे मात्र जरा थांबून पाहावीत, कारण तीही बाहेरून माणसानेच आणलेल्या प्राण्यांपैकी आहेत. मॉरिशसमध्ये माणूस, ऊस, हरीण आणि माकड हे चारही आगंतुक.

बीच क्लब या संस्थेचे स्वरूप येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. मुक्कामाची खोली न घेता किनाऱ्यावरील सोयी दिवसापुरत्या विकणारे हे ठिकाण असते. प्रवेशशुल्कात खाट, छत्री, टॉवेल, गोड्या पाण्याचा फवारा, कपडे बदलण्याची खोली आणि स्वच्छतागृह यांचा समावेश होतो, आणि अनेक ठिकाणी त्या शुल्काचा काही भाग किंवा संपूर्ण रक्कम खाण्यापिण्याच्या बिलात वळती करून मिळते. विसाव्या शतकात भूमध्य समुद्राच्या फ्रेंच व इटालियन किनाऱ्यावर ही पद्धत रुजली, तेथून ती इबिझा व बाली येथे पोहोचली आणि जाता जाता संगीत व मद्य यांचा आवाज वाढत गेला. गोव्यातील शॅक तिचा गरीब, पण अधिक मोकळा नातेवाईक म्हणता येईल. तो परवान्यावर हंगामापुरता बांधायचा आणि पावसाळ्याआधी उतरवायचा असा नियम असल्यामुळे त्याला कायमची श्रीमंती चढत नाही. इल ओ सेरवर खुला किनारा, उपाहारगृहे आणि पाण्यावरील खेळांचे विक्रेते एकमेकांत मिसळलेले आहेत, तर शेजारच्या इलो मांजेनी या चिमुकल्या बेटावरचा किनारा बराच काळ जवळच्या पंचतारांकित हॉटेलच्या पाहुण्यांसाठी राखलेला होता. क्लब या शब्दातला ‘आत’ आणि ‘बाहेर’ हा भेद दोन बेटांमधल्या अरुंद पाण्याने तेथे आयताच आखून दिला आहे. या चिंचोळ्या पट्ट्यात पाणी वर-खाली होताना प्रवाह जोर धरतो, म्हणून दिसायला उथळ असले तरी ते चालत ओलांडण्याचा मोह टाळावा.

क्लब नेमके काय विकतो, हे समजण्यासाठी मॉरिशसच्या जमीन कायद्यातील एक जुनी तरतूद पाहावी लागते. फ्रेंच राजवटीत किनाऱ्यालगतचा अडीचशे फ्रेंच फूट रुंदीचा, म्हणजे ८१.२१ मीटरचा पट्टा संरक्षणासाठी राज्याच्या मालकीचा ठरवण्यात आला. १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकल्यावरही ही व्यवस्था टिकली आणि १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाल्यानंतरही ती चालू राहिली. ‘पा जेओमेत्रिक’ या नावाने ओळखला जाणारा हा पट्टा सरकार विकू शकत नाही, फक्त भाडेपट्ट्याने देऊ शकते, आणि बहुतेक किनारी हॉटेले अशाच भाडेपट्ट्यांवर उभी आहेत. भरतीच्या रेषेखालची वाळू तर सर्वांची. त्यामुळे पर्यटकाला समुद्र विकत घ्यावा लागत नाही, वाळूही नाही. तो पैसे मोजतो ते छत्रीखालच्या दोन मीटर सावलीचे, गोड्या पाण्याचे आणि बंद दाराच्या स्वच्छतागृहाचे. उन्हात वाढलेल्या खानदेशी माणसाला सावलीला पैसे पडतात ही गोष्ट प्रथम विचित्र वाटेल, पण दक्षिण गोलार्धातील डिसेंबरचे ऊन अंगावर घेतल्यावर त्या दराची घासाघीस करण्याची इच्छा राहत नाही. त्या काळात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, वारा थंड लागत असल्यामुळे कातडी भाजते आहे हे कळत नाही, आणि पांढरी वाळू व पाणी दोन्हीकडून परावर्तित होणारे किरण छत्रीच्या खालूनही पोहोचतात. जून-जुलैत उलट सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो आणि दुपारची सावली दक्षिणेला पडते. वर्षाचा बहुतेक काळ सावली उत्तरेला पडताना पाहिलेला भारतीय प्रवासी हमखास खाट चुकीच्या बाजूला ओढतो.

पाण्यावरील खेळांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. वेगवान बोटीने ओढलेल्या हवाई छत्रीला लटकून आकाशात जाण्याचा प्रकार, म्हणजे पॅरासेलिंग, येथे लगूनमध्ये नांगरलेल्या तरंगत्या फलाटावरून होतो, त्यामुळे उडताना आणि उतरताना पाय ओले होत नाहीत; रबरी नळीवर किंवा केळ्याच्या आकाराच्या फुग्यावर बसून ओढून घेण्याचे खेळ तारकर्लीत किंवा अलिबागेत मिळतात तसेच. तोंडात नळी व डोळ्यांवर काच लावून पाण्यावर पालथे तरंगण्याचा, म्हणजे स्नॉर्केलिंगचा, खेळ अधिक मोलाचा आहे, मात्र समुद्री साळिंदरांच्या काट्यांपासून वाचण्यासाठी रबरी तळाचे बूट घालावेत आणि प्रवाळावर पाय ठेवू नये. पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले की प्रवाळ आपल्या पेशींतले शैवाल बाहेर टाकून पांढरे पडते. १९९८ पासून अशा घटना हिंदी महासागरात वारंवार घडल्या आहेत. ऊन टाळण्याच्या मलमांतील ऑक्सिबेन्झोनसारखी रसायने प्रवाळाला घातक ठरतात म्हणून पलाऊ व हवाई येथे त्यांच्यावर बंदी आली; लांब बाह्यांचा सदरा हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

दुपारचे जेवण बहुधा निखाऱ्यावर भाजलेल्या मासळीचे व कोंबडीचे असते आणि सोबत उसापासून बनवलेली रम. शाकाहारी प्रवाशाने आधी सांगून ठेवावे, किंवा त्याहून बरे, त्रू दो दूसला जाण्याआधी एखाद्या गावात थांबून धोल पुरी घ्यावी. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे सारण भरलेली ही मऊ पोळी तिखट रश्श्याबरोबर गुंडाळून देतात. बिहारमधून आलेल्या मजुरांची ही देणगी आता साऱ्या देशाचे रस्त्यावरचे खाणे बनली आहे, आणि गोड न केलेली पुरणपोळी कशी लागेल याचे उत्तरही तीत सापडते.

ती देणगी ज्या मार्गाने आली तो मार्ग तळोद्याच्या वाचकाला अपरिचित नाही. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपवण्याचा निर्णय झाल्यावर मॉरिशसच्या मळेवाल्यांनी भारतातून करारबद्ध मजूर आणण्यास सुरुवात केली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ या जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुईसला उतरले आणि पुढच्या काही दशकांत हा आकडा साडेचार लाखांच्या घरात गेला. करार सहसा पाच वर्षांचा, पुरुषाचा पगार महिन्याला पाच रुपये, आणि एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची पद्धत. कराराच्या या कागदाला लोकांच्या तोंडी गिरमिट हे नाव पडले. बहुसंख्य मजूर कलकत्ता व मद्रास बंदरांतून गेले, परंतु मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी व कोकणपट्टीतील मराठी माणसे होती, आणि त्यांचे वंशज आजही देशाच्या लोकसंख्येत सुमारे दोन टक्के आहेत. घरात बोलली जाते ती क्रिओल, तरी शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते. पोर्ट लुईसच्या ज्या धक्क्यावर हे मजूर उतरत, त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. इल ओ सेरचा एक दिवस आखणाऱ्याने घाटासाठी अर्धा दिवस काढावा, नाहीतर पाहिलेले बेट अर्धवटच राहते.

तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव या तालुक्यांतील भिल्ल व पावरा कुटुंबे दिवाळीनंतर दक्षिण गुजरातच्या कारखान्यांसाठी ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल, नवरा-बायकोची जोडी मिळून मोजला जाणारा एक ‘कोयता’ आणि हंगाम संपल्यावर फेडीचा हिशेब, ही त्या व्यवहाराची भाषा आहे. गिरमिट आणि उचल एकच नव्हेत. गिरमिटाच्या मजुरापुढे परतीचा समुद्र होता, कोयत्याला निदान होळीला गाव दिसते. तरीही किनाऱ्याच्या सहलीला जाणाऱ्या बसच्या दोन्ही बाजूंनी जो ऊस डोलतो, त्याच्याकडे तळोद्याचा प्रवासी नुसता देखावा म्हणून पाहू शकेल असे वाटत नाही.

२५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळात रुतले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन इंधनतेल लगूनमध्ये सांडले, तेव्हा या उसानेच किनाऱ्याला हात दिला. सरकारी यंत्रणेची वाट न पाहता हजारो नागरिकांनी उसाचे पाचट कापडात भरून लांब वळकट्या शिवल्या आणि तेल अडवण्यासाठी त्या पाण्यावर सोडल्या.

परतीची होडी दुपारी चारच्या सुमारास निघते आणि शेवटची होडी चुकवू नये, कारण बेटावर सामान्य प्रवाशासाठी मुक्कामाची सोय नाही. मे ते सप्टेंबर या काळात पूर्वेकडच्या वाऱ्याने पाणी हिंदकळते, नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ असतो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा आरंभ हे सर्वांत निवांत दिवस. ज्यांना क्लबच्या खाटेचा खर्च करायचा नसेल त्यांनी त्रू दो दूसपासून जवळच्या बेल मार येथील सार्वजनिक किनाऱ्यावर रविवारी जावे. तेथे कोकणात ज्याला सुरू म्हणतात त्या झाडांची, स्थानिक भाषेत फिलाओची, बने आहेत. मॉरिशसची कुटुंबे भाताची पातेली, चटया आणि ढोलके घेऊन बसने सकाळीच येतात, झाडाखालची जागा धरतात आणि संध्याकाळपर्यंत सेगा या बेटावरच्या नाचगाण्यात रमतात. सार्वजनिक किनाऱ्यांची देखभाल २००२ च्या कायद्याने स्थापन झालेली बीच ऑथॉरिटी करते आणि फिलाओच्या सावलीला भाडे नाही; चटई मात्र आपली आपण न्यावी लागते.